आयसीयूतला घास

चैत्र पौर्णिमेला वाडी रत्नागिरीच्या डोंगरावर ‘जोतिबाच्या नावानं चांगभलं’चा गजर सुरू झाला की गुलालाइतकंच सढळ हातानं तिथं जेवणही वाटलं जातं. गायमुखाजवळ अन्नछत्र चालतं, सासनकाठ्यांबरोबर आलेल्या गावागावच्या शिदोऱ्या सुटतात, देवाला पुरणपोळीचा नैवेद्य जातो. पन्हाळा तालुक्यातला हा मुलूख असा, की पाहुणा उंबऱ्यात दिसला की ख्यालीखुशालीच्या आधी ‘जेवलासा काय?’ हेच विचारलं जातं. उपाशी माणूस इथं कुणाला बघवत नाही.

डोंगरावरून वीसेक किलोमीटर खाली आलं की कोल्हापुरात दसरा चौकाजवळ छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालय लागतं. कागदोपत्री ‘सीपीआर’, जुन्या माणसांच्या तोंडी ‘थोरला दवाखाना’. आसपासच्या कुठल्याही गावात साप चावला, घाटात गाडी उलटली, झटका आला की अखेर इथं किंवा शहरातल्या एखाद्या खासगी आयसीयूत यावं लागतं. पेशंट व्हेंटिलेटरवर गेला की बाहेर बसलेल्या माणसांचा पहिला प्रश्न जगण्या-मरण्याचा असतो. दुसरा, बहुधा त्याच दिवशी संध्याकाळी डबा हातात घेऊन विचारलेला: ‘पोटात काय गेलंय का न्हाई?’

‘सलाईन चालू आहे की’ असं उत्तर कुणीतरी देतं आणि तेवढ्यावर समाधान मानलं जातं. खरं तर साध्या मिठाच्या सलाईनमध्ये उष्मांक शून्य असतात. साखरेच्या, म्हणजे पाच टक्के डेक्स्ट्रोजच्या एक लिटर सलाईनमध्ये साखर ५० ग्रॅम, तिचे उष्मांक दोनशेच्या आत. दिवसभर बाटल्या टांगल्या तरी पदरात पडते जेमतेम एखाद-दुसऱ्या भाकरीची ताकद, आणि प्रथिनं तर अजिबात नाहीत. सलाईन पाणी आणि क्षार पुरवतं. जेवणाची सोय वेगळी करावी लागते, आणि ती बहुतेक वेळा नाकातून जठरात जाणाऱ्या एका नळीनं होते.

ही नळी कुणाला लागते, हे समजायला मण्यारीच्या दंशाइतकं बोलकं उदाहरण दुसरं नाही. मण्यार रात्रीची येते, जमिनीवर अंथरूण टाकून झोपलेल्या माणसाला चावते आणि दंश इतका बारीक असतो की पुष्कळदा कळतही नाही. पहाटे पोटात दुखतं, मग पापण्या जड होतात, शब्द अडखळतात आणि थुंकी गिळता येईनाशी होते. विष मज्जातंतूंकडून स्नायूंना जाणारा निरोपच तोडतं. गिळण्याचे स्नायू गेले की पाठोपाठ श्वासाचे जातात. प्रतिसर्पविष दिलं तरी आधीच झालेलं नुकसान त्यानं लगेच भरून निघत नाही. मज्जातंतूंची टोकं नव्यानं जुळेपर्यंत कित्येक दिवस व्हेंटिलेटरवर काढावे लागतात. या काळात माणूस डोळे उघडू शकत नाही, पण पुष्कळदा त्याला सगळं ऐकू येत असतं. योग्य उपचार मिळाले तर तो पूर्ण बरा होऊन घरी चालत जातो. मधल्या दिवसांत त्याचं जठर आणि आतडी मात्र ठणठणीत असतात. फक्त तोंडापासून जठरापर्यंतची वाट बंद पडलेली असते, आणि नळी तेवढीच वाट काढून देते.

डोक्याला मार लागलेला, पक्षाघाताचा, न्यूमोनियानं धाप लागून व्हेंटिलेटरवर गेलेला, शेतीच्या औषधानं विषबाधा झालेला, या सगळ्यांची तऱ्हा वेगवेगळी. तरी नळी तीच. विषबाधेत तर ती आधी पोट धुवायला उपयोगी पडते आणि दोन-तीन दिवसांनी त्याच जागी अन्न घालायला.

आयसीयूत तिला ‘राईल्स ट्यूब’ म्हणतात, आणि घाईत नुसतं ‘आरटी’. जॉन राईल हा लंडनच्या गाय्ज हॉस्पिटलमधला डॉक्टर. १९२१ साली त्यानं ही बारीक रबरी नळी मांडली, पण अन्न घालण्यासाठी नव्हे. पेशंटला ठरावीक पेज पाजून दर थोड्या वेळानं जठरातला रस उपसायचा आणि त्यातलं आम्ल मोजायचं, यासाठी. पुढे हाच राईल ऑक्सफर्डमध्ये सामाजिक वैद्यकाचा पहिला प्राध्यापक झाला. ती चाचणी केव्हाच मागे पडली. नळी उरली आणि काम उलटं झालं, उपसण्याऐवजी भरवणं.

भरवण्याचा खटाटोप त्याहून जुना आहे. १७९० च्या सुमारास लंडनच्या जॉन हंटर या शल्यविशारदाकडे गिळणं बंद पडलेला एक पन्नाशीचा पेशंट होता. हंटरनं देवमाशाच्या जबड्यातल्या लवचीक पट्टीवर ईल माशाचं कातडं चढवलं, वरच्या टोकाला प्राण्याचं मूत्राशय पिशवीसारखं बांधलं आणि त्यातून फेटलेली अंडी, दूध, साखर, वाईन असं काय काय जठरात पोचवलं. काही आठवड्यांनी तो माणूस पुन्हा गिळू लागला. त्यानंतर शंभरेक वर्षांनी, १८८१ मध्ये, गोळी लागलेल्या अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्ष गारफील्ड यांना मात्र डॉक्टर गुदद्वारातून मांसाचा अर्क आणि अंडी देत बसले. मोठं आतडं असलं अन्न पचवत नाही. गारफील्ड वाळत गेले आणि अडीच महिन्यांनी वारले; जखमेतला संसर्ग हे त्याचं मोठं कारण, पण उपासमारही होतीच.

आजची नळी मऊ प्लास्टिकची, साधारण एक मीटर लांब. टोकाशी बारीक गोळ्या बंद केलेल्या असतात, म्हणजे ती वजनानं खाली उतरते. अंगावर एक्स-रेत दिसणारी रेघ आणि अंतराच्या खुणा असतात. जाडी फ्रेंच मापात मोजतात, तीन फ्रेंच म्हणजे एक मिलिमीटर. मागच्या टोकाच्या रंगावरून सिस्टर लांबूनच माप ओळखतात: बारा नंबर पांढरी, चौदा हिरवी, सोळा नारिंगी.

ती घालताना बघितली तर दोन मिनिटांचं काम वाटतं. नळीचं टोक नाकाच्या शेंड्याला लावायचं, तिथून कानाच्या पाळीपर्यंत न्यायचं आणि तिथून छातीच्या हाडाच्या खालच्या टोकापर्यंत. हे झालं त्या माणसाचं माप. मोठ्या माणसात ते बहुधा पन्नास-साठ सेंटिमीटर भरतं. मग नाकपुडीत बधिर करणारी जेली, मान जरा पुढे झुकवायची आणि नळी सरळ मागे सारायची. वर नव्हे, कारण नाकाची जमीन आडवी असते. शुद्धीवरच्या पेशंटला ‘मामा, गिळा, गिळा’ म्हणत घोटागणिक नळी पुढे सरकवतात. बेशुद्ध माणूस गिळणार कुठून? त्याच्या घशात दिवा घालून, चिमट्यानं टोक धरून अन्ननलिकेत ढकलावं लागतं. घाटातल्या अपघातात कवटीच्या तळाचं हाड मोडलं असल्याची शंका असेल तर नाकाची वाटच वर्ज्य. मोडलेल्या हाडातून नळी थेट मेंदूत गेल्याची उदाहरणं वैद्यकात नोंदलेली आहेत. अशा वेळी ती तोंडातून घालतात.

खरी मेख पुढे आहे. घशाच्या मागे दोन वाटा फुटतात, एक अन्नाची आणि एक श्वासाची. जागा माणूस चुकीच्या वाटेवर नळी गेली की खोकून खोकून बेजार होतो. गुंगीतला पेशंट खोकत नाही. व्हेंटिलेटरची नळी श्वासनलिकेत फुग्यानं बसवलेली असते, म्हणून तिथं दुसरी नळी जाणार नाही, असा समज असतो, तोही खोटा. फुग्याच्या कडेनं बारीक नळी घसरून थेट फुप्फुसात पोचू शकते. आणि मग त्यातून दोनशे मिलिलिटर दूध गेलं तर काय होईल ते सांगायला नको.

भारताच्या इतिहासात याचं एक ठसठशीत उदाहरण आहे. १९२९ मध्ये लाहोरच्या तुरुंगात भगतसिंगांच्या सोबत्यांचं उपोषण चालू होतं. जतींद्रनाथ दास यांना धरून-दाबून नाकातून नळी घालण्यात आली, दूध फुप्फुसात गेलं आणि त्यांची प्रकृती जी ढासळली ती सावरलीच नाही. १३ सप्टेंबरला, उपोषणाच्या त्रेसष्टाव्या दिवशी, ते गेले. याच नळीनं उपोषणावर असलेल्या इरोम शर्मिला यांना इंफाळच्या इस्पितळात २००० पासून २०१६ पर्यंत, सुमारे सोळा वर्षं, जिवंत ठेवलं. फरक नळीत नव्हता. टोक कुठे आहे आणि ती घालणारा हात किती निगुतीनं काम करतो, यात होता.

टोक जठरात आहे हे ओळखायची जुनी रीत अशी: सिरिंजनं नळीत हवा मारायची आणि पोटावर स्टेथोस्कोप ठेवून गुडगुड ऐकायची. आजही ती सर्रास वापरली जाते आणि आजही ती फसवते, कारण फुप्फुसाच्या तळाशी मारलेली हवासुद्धा पोटावर तशीच ऐकू येते. ब्रिटनमध्ये या चाचणीवर विसंबू नका, असं २००५ पासून बजावलेलं आहे. तिथं नळीतून ओढलेल्या रसाची आम्लता कागदाच्या पट्टीवर तपासतात. पीएच साडेपाच किंवा त्याखाली आला तरच अन्न सुरू. आपल्याकडे आयसीयूतल्या जवळजवळ प्रत्येकाला आम्ल कमी करणारं औषध चालू असतं, त्यामुळे पट्टीही गोंधळते. शेवटी भरवशाचा तो एक्स-रेच. नळी घातल्यावर एक्स-रे पाहिल्याशिवाय पहिला घास नाही, हा नियम ज्या आयसीयूत कसोशीनं पाळला जातो तिथं अर्धी काळजी मिटली. मग नाकपुडीशी नळीवर जो आकडा येतो तो चार्टवर लिहितात, तिथं मार्करनं खूण करतात आणि प्रत्येक फीडच्या आधी ती खूण जागेवर आहे ना ते बघतात.

आता प्रश्न कधी आणि किती.

एके काळी ‘आतड्यांना विश्रांती द्या’ हा मंत्र होता. स्वादुपिंडाला सूज असेल तर आठवडा-आठवडा तोंडात थेंब नाही. पण आतड्याचं अस्तर स्वतःचं पोषण बरंचसं आतून जाणाऱ्या अन्नातूनच घेतं. रिकामं राहिलं की ते विरतं आणि जंतूंना अडवणारी भिंत कमकुवत होते. म्हणून आता रक्तदाब स्थिरावला की चोवीस ते अठ्ठेचाळीस तासांत नळीतून सुरुवात करावी, यावर जगभरातल्या मार्गदर्शक सूचनांचं एकमत आहे. १९९३ मध्ये मुंबईत स्थापन झालेली ‘इंडियन सोसायटी ऑफ क्रिटिकल केअर मेडिसिन’ही हेच सांगते. रक्तदाब टिकवायला भारी मात्रेत औषधं लागत असतील तर मात्र थांबायचं. आतड्यांना रक्त कमी पडत असताना अन्नाचा भार टाकला तर आतडी काळी पडू शकतात. २०१८ मध्ये फ्रान्समध्ये शॉकमधल्या २,४१० पेशंटवर झालेल्या अभ्यासात लवकर नळीनं भरवलेल्यांमध्ये हा धोका जास्त दिसला.

‘किती’चा हिशेब कागदावर सोपा आहे. साठ किलोचा माणूस, किलोमागे पंचवीस उष्मांक, म्हणजे दिवसाला दीड हजार. तयार फीडच्या एका मिलिलिटरमध्ये साधारण एक उष्मांक, म्हणजे दीड लिटर, ताशी साठेक मिलिलिटर. प्रथिनं किलोमागे सव्वा ग्रॅम धरली तर पंचाहत्तर ग्रॅम. पण हे गाठायचं ते हळूहळू, तीन-चार दिवसांनी किंवा आठवड्यानं. पहिल्या दिवशी ताशी वीस मिलिलिटर पुरतं. चार चमचे! बाहेर बसलेल्या माणसाला हे ऐकून धक्का बसतो. पहिलवानांच्या गावात चार चमच्यांनी काय होणार?

इथंच गेल्या पंधरा वर्षांत वैद्यकाचं मत पालटलं. अतिगंभीर आजारात शरीर स्वतःच्याच स्नायूंची लाकडं करून जाळतं. लंडनमध्ये २०१३ साली मांडीचा स्नायू सोनोग्राफीनं मोजत गेले, तर दहा दिवसांत त्याच्या छेदाचं क्षेत्रफळ जवळपास १८ टक्क्यांनी घटलेलं आढळलं. साहजिकच वाटलं, भरपूर घालू म्हणजे झीज थांबेल. थांबली नाही. त्या पहिल्या दिवसांत शरीर यकृतातून स्वतःची साखर बनवतच राहतं, बाहेरून दिलेल्या अन्नानं ती निर्मिती आवरत नाही. उलट दुहेरी साखर रक्तात साचते. ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडमध्ये जवळपास चार हजार पेशंटांपैकी निम्म्यांना दाट, दीडपट उष्मांकाचं फीड दिलं. २०१८ मध्ये निकाल आला, जगण्या-मरण्यात काही फरक नाही. २०२३ मध्ये फ्रान्सच्या ६१ आयसीयूंतल्या ३,०४४ पेशंटवर त्याहून धाडसी प्रयोग झाला. एका गटाला पहिला आठवडा किलोमागे पंचवीस उष्मांक, दुसऱ्याला फक्त सहा. मृत्यूचं प्रमाण सारखंच. कमी खाल्लेल्यांना उलट्या-जुलाब कमी झाले आणि ते आयसीयूतून बाहेर पडायला थोडे लवकर तयार झाले. त्याच वर्षी भरमसाट प्रथिनं देऊनही लाभ नाही, मूत्रपिंडं बिघडलेल्यांना तर तोटाच, असं आणखी एका अभ्यासात दिसलं.

याचा अर्थ पेशंटला उपाशी ठेवा असा नाही. नळीतून जाणाऱ्या अन्नाला औषधासारखी मात्रा असते, सुरुवातीला थोडी आणि शरीर सावरू लागलं की वाढवत न्यायची, एवढाच. आठवड्यानंतरही ती वाढवली नाही तर तोही हलगर्जीपणा, आणि तो आयसीयूत कमी होत नाही. सीटी स्कॅनला नेताना फीड थांबवतात, ड्रेसिंगसाठी थांबवतात, मग पुन्हा सुरू करायचं राहून जातं. लिहिलेलं दीड लिटर आणि पोटात गेलेलं नऊशे, असं अनेक चार्टांवर सापडतं.

आधीच खंगलेल्या माणसाबाबत तर हात फारच आखडता हवा. १९४५ मध्ये बर्गेन-बेल्सनच्या छळछावणीतून सुटलेल्या हाडाच्या सापळ्यांना सैनिकांनी प्रेमानं आपलं मांसाचं डबाबंद जेवण दिलं, आणि अनेक जण खाऊन मेले. मग ब्रिटिशांनी तिथं दूध पावडर, साखर, तांदळाचं ‘बंगाल फॅमिन मिक्स्चर’ आणलं, १९४३ च्या बंगालच्या दुष्काळातलं. ते इतकं गोड होतं की पुष्कळांच्या गळ्याखाली उतरेना. उपाशी माणसं खाऊन का दगावतात ते नंतर नीट उलगडलं: दीर्घ उपासानंतर एकदम पिष्टमय अन्न गेलं की इन्सुलिन उसळतं आणि रक्तातलं फॉस्फेट, पोटॅशियम, मॅग्नेशियम पेशींत ओढून नेतं, हृदय आणि श्वासाचे स्नायू लुळे पडतात. दारूच्या आहारी गेलेला, कर्करोगाचा, महिनाभर अन्न न गेलेला म्हातारा पेशंट आला की आधी थायमिनचं इंजेक्शन, फॉस्फेटची तपासणी आणि मग अगदी थोडं फीड, हा क्रम त्यामुळेच.

कसं घालायचं, याच्या दोन पद्धती आहेत आणि ऊसपट्ट्यातल्या माणसाला त्या लगेच कळतात: एक पाटपाणी, दुसरी ठिबक. पहिलीत दर दोन-तीन तासांनी दीडशे-दोनशे मिलिलिटर. पन्नास मिलीच्या सिरिंजचा दट्ट्या काढून टाकायचा, नुसती नळकांडी नरसाळ्यासारखी नळीला लावायची, हातभर उंच धरायची आणि फीड आपल्या वजनानं उतरू द्यायचं. दट्ट्यानं दाबून ढकलणं म्हणजे उलटीला आमंत्रण. दुसरीत पंप लावून चोवीस तास बारीक धार. पंप महाग असतो, म्हणून आपल्याकडे पहिली पद्धत जास्त. स्थिर पेशंटला ती चालतेही. जठर आळसावलेलं असेल, पोट फुगत असेल, तर ठिबकच बरं. कोविडच्या काळात पालथं झोपवलेल्या पेशंटांनाही असंच संथ फीड चालू ठेवत.

पलंगाचा डोक्याकडचा भाग तीस ते पंचेचाळीस अंश वर, हा या सगळ्यातला सर्वांत स्वस्त उपाय. सपाट झोपवून भरवलं तर जठरातलं वर येऊन फुप्फुसात झिरपतं. याच भीतीनं पूर्वी दर चार तासांनी जठर उपसून ‘किती उरलंय’ ते मोजत आणि दोनशे मिली निघाले की फीड बंद करत. २०१३ मध्ये फ्रान्समध्ये व्हेंटिलेटरवरच्या ४४९ पेशंटांवर तपासून पाहिलं, तर न मोजलेल्यांना न्यूमोनिया जास्त झाला नाही, शिवाय त्यांच्या पोटात अन्न जास्त गेलं. आता पाचशेच्या आत असेल तर थांबू नका, असं सांगतात.

जठर रिकामं होईचना, तर नळी आणखी पुढे, लहान आतड्यात उतरवतात. नळी चार-सहा आठवड्यांहून जास्त लागणार असं दिसलं तर पोटाच्या भिंतीतून थेट जठरात बसवलेली ‘पेग’ बरी: नाक सोलवटत नाही, नळी ओढली जात नाही. १९७९ मध्ये क्लीव्हलँडमध्ये गाउडरर आणि पॉन्स्की या दोघांनी दुर्बिणीच्या साह्यानं, पोट न फाडता ती पहिल्यांदा बसवली, एका लहान बाळाला. आणि आतड्यालाच भोक पडलंय किंवा ते अडकलंय अशा वेळी सगळंच पोषण शिरेतून द्यावं लागतं. ते महाग आणि त्यात जंतूसंसर्गावर डोळ्यांत तेल घालून पहारा ठेवावा लागतो. चालतं आतडं असताना हौसेनं निवडायची ती गोष्ट नव्हे.

राहिला घरच्यांचा जिव्हाळ्याचा विषय: घालायचं काय?

कोल्हापुरात याची उत्तरं चवदार असतात. कुणी पांढरा रस्सा गाळून आणतं, ‘मटणाचा अर्क हाय, ताकद येईल’ म्हणून. पांढऱ्या रश्श्यात नारळाचं दूध, काजू, खसखस आणि वर तेल-तुपाचा तवंग. पाच मिलिमीटरच्या नळीत खसखस आणि काजूचा गाळ बसतो, आणि स्निग्ध पदार्थ जठर रिकामं व्हायला उशीर लावतात. गाळून उरलेल्या पाण्यात प्रथिनं फारच थोडी असतात. मटण गाळणीत राहिलेलं असतं. डाळीच्या पाण्याचीही तीच गत. डाळ घरातली माणसं जेवतात, पेशंटला जातं पिवळं पाणी. नारळपाण्यात पोटॅशियम भरपूर, म्हणून मूत्रपिंडं बिघडलेल्याला ते घातकही ठरतं.

कोल्हापूरच्या दूध कट्ट्यावर म्हशीचं धारोष्ण दूध पिणं हा पिढ्यान्‌पिढ्यांचा शौक आहे. तालमीत घाम गाळलेल्या पोराला ते पचत असेल. आयसीयूत न तापवलेलं दूध नळीजवळही येता कामा नये. तापवलेलं म्हशीचं दूध कागदावर चांगलं दिसतं, शंभर मिलीत शंभराच्या आसपास उष्मांक आणि चारेक ग्रॅम प्रथिनं. पण त्यात सात टक्क्यांच्या आसपास स्निग्धांश असतो आणि आजारी आतड्याला न झेपणारी दुधातली साखरही. साय काढलेलं, पातळ केलेलं थोडं दूध चालेल की नाही ते आहारतज्ज्ञानं सांगावं, शेजारच्या खाटेवाल्यानं नव्हे.

सीलबंद डब्यातली पावडर दिली की नातेवाइकांना वाटतं हा कंपन्यांचा धंदा. धंदा आहेच. तरी आयसीयूत तिची बाजू वरचढ ठरते: एका मिलिलिटरमध्ये काय आहे ते ठाऊक असतं, नळी तुंबत नाही आणि जंतू कमी. भारतीय क्रिटिकल केअर संघटनेच्या २०१८ च्या सूचनांचाही कल मिक्सरमधून काढलेल्या फीडपेक्षा तयार फीडकडेच आहे. मिक्सरचं भांडं, गाळणी, चमचा, डबा, हात. घरच्या फीडला जंतू लागायला इतक्या जागा असतात. पावडर कालवलेलं फीडही चार तासांत संपवावं, उरलं तर फेकावं. पेशंट सावरून वॉर्डात आला, घरी गेला की शिजवून, वाटून, नीट गाळलेलं नाचणी-मूगडाळीचं, अंड्याचं फीड आहारतज्ज्ञाच्या मापानं देता येतं. महिनोन्‌महिने पावडर परवडतही नाही.

गोळ्यांचीही एक खोड आहे. कुटून नळीत घातलेली गोळी हे नळी तुंबण्याचं मोठं कारण. आतड्यात विरघळण्यासाठी आवरण दिलेली किंवा हळूहळू सुटणारी गोळी कुटायचीच नसते. तिचा दिवसभराचा डोस एकदम सुटतो. झटक्यांवरचं फेनिटॉईन फीडबरोबर दिलं तर नीट शोषलंच जात नाही, म्हणून त्याच्या आगे-मागे फीड थांबवतात. प्रत्येक वेळी आधी-नंतर तीसेक मिली पाणी, एवढं पाळलं तरी नळी बरीच टिकते.

नळीतलं अन्न हे जेवण की उपचार, हा प्रश्न नुसता डॉक्टरांचा राहिलेला नाही. १९९३ मध्ये ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायपीठानं, कायम बेशुद्धीत असलेल्या टोनी ब्लँडच्या खटल्यात, तो वैद्यकीय उपचारच मानला, म्हणजे थांबवताही येतो असा. मुंबईच्या केईएम रुग्णालयातल्या परिचारिकांनी याचं उत्तर वेगळं दिलं. त्यांची सहकारी अरुणा शानबाग १९७३ च्या हल्ल्यानंतर बेचाळीस वर्षं अंथरुणाला खिळून होती आणि बहुतेक काळ त्यांनी तिला वाटलेलं अन्न तोंडानंच भरवलं. नाकातली नळी लागली ती २०१० मध्ये मलेरियानं तोंडानं खाणं घटल्यावर. ७ मार्च २०११ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयानं तिच्यापुरती इच्छामरणाची याचिका फेटाळली आणि तिच्या वतीनं बोलण्याचा अधिकार तिची सेवा करणाऱ्या केईएमच्या मंडळींचा मानला. १८ मे २०१५ रोजी न्यूमोनियानं तिचा मृत्यू झाला. घशाचं नियंत्रण गेलेल्या माणसाला चमच्यानं भरवत राहणं किती कष्टाचं असतं ते ज्यांनी केलंय त्यांनाच ठाऊक. नळी हा सोपा मार्ग होता; त्या बायकांनी बरीच वर्षं अवघड मार्ग धरला.

नळी काढण्याची घाईही तितकीच महागात पडते. व्हेंटिलेटर निघाला, पेशंट बोलू लागला की घरचे पहिल्याच दिवशी पाण्याचा पेला पुढे करतात. बरेच दिवस घशात नळी असलेल्या माणसाचं गिळणं सुस्त झालेलं असतं, आणि पाणी हा सगळ्यांत निसटता पदार्थ; ते ठसका न लागतासुद्धा श्वासनलिकेत उतरू शकतं. आधी चमचाभर दाटसर पदार्थ, मान किंचित खाली झुकवून, गिळल्यावर आवाज घोगरा होतो का ते ऐकायचं. जमलं की पातळ. नळी सगळ्यात शेवटी.

काही जण नळीसकट घरी जातात, आणि तिथं सिस्टर नसते. भरवताना आणि नंतर अर्धा-पाऊण तास पेशंटला उशा लावून बसतं ठेवा. प्रत्येक वेळी आधी नाकाशी मार्करची खूण बघा. ती सरकली असेल, पेशंट अचानक खोकू लागला असेल किंवा धापत असेल तर नळीत पाण्याचा थेंबही घालू नका, नळी स्वतःच्या हातानं आत ढकलू नका. ज्या दवाखान्यातून आलात तिथं नेऊन आधी टोक कुठं आहे ते तपासून घ्या.